आठ लांडगे आले की सगळं टेबल थांबतं. मी ड्रुइड सोडून देऊ का?

माळावरचा

मंडळी, नमस्कार. तीन आठवडे हा प्रश्न डोक्यात घोळतोय. आमच्या ग्रुपवर विचारलं तर सगळे "चालतंय रे" म्हणतात, आणि त्यांच्या त्या "चालतंय"वर माझा विश्वास बसत नाही. म्हणून इथे विचारतो. माझं मन राखायला जाऊ नका, वाटेल ते स्पष्ट सांगा.

आम्ही पाच जण दर रविवारी दुपारी कर्वेनगरला मित्राच्या घरी डी अँड डी, म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स हा फासे टाकून कथा रचायचा खेळ, खेळतो. पाचवी आवृत्ती, २०१४ ची पुस्तकं. ज्याचं घर तोच डीएम, म्हणजे कथा सांगणारा आणि शत्रू चालवणारा. बाकी एक फायटर (तलवारवाली), एक रेंजर (तिरंदाज), एक विझर्ड (जादूगार) आणि माझी ड्रुइड (निसर्गाची जादू करणारी). रानाई तिचं नाव. लेव्हल ६, सर्कल ऑफ द शेफर्ड, म्हणजे मेंढपाळांच्या पंथातली.

हा पंथ मी ताकदीकडे बघून घेतला नव्हता. माझं आजोळ पुरंदर तालुक्यातलं. सुट्टीत गेलो की वावरात धनगरांचा वाडा उतरलेला असायचा, खतासाठी आजोबा मेंढ्या बसवून घ्यायचे. रात्री कुत्री एकाएकी एकाच दिशेला तोंड करून भुंकायला लागायची. मग म्हातारा धनगर उठायचा, बॅटरीचा झोत माळावर फिरवायचा आणि शांतपणे म्हणायचा, "आलाय." मला लांडगा एकदाच दिसला. पहाटे, बांधाच्या पलीकडे. गोष्टीतल्यासारखा धिप्पाड नव्हता. लांब पायांचा, मातकट, अंगाने बारीक. आमच्याकडे बघत उभा राहिला आणि मग काही घाई न करता निघून गेला. रानाई मी त्या म्हाताऱ्यावरून केली. तिला मेंढ्याही राखायच्यात आणि लांडग्याशीही बोलायचंय. या पंथात दुसऱ्या लेव्हललाच प्राण्यांना तुमचं बोलणं कळायला लागतं. ते वाचलं आणि पात्र तिथेच ठरलं.

पाचव्या लेव्हलला कॉन्ज्युअर ॲनिमल्स हाती आला. प्राणी बोलावायचा तिसऱ्या लेव्हलचा स्पेल, म्हणजे मंत्र (स्पेलची लेव्हल पात्राच्या लेव्हलहून वेगळी मोजतात). एक ॲक्शन, कॉन्सन्ट्रेशन (एकाग्रता, मार बसला की तुटू शकते) टिकलं तर तासभर. चॅलेंज रेटिंग (ताकदीचा आकडा) २ चा एक प्राणी, १ चे दोन, १/२ चे चार नाहीतर १/४ चे आठ. लांडगा १/४ मध्ये बसतो. आमचा डीएम प्राणी मलाच निवडू देतो, त्यामुळे मी दरवेळी आठ लांडगे बोलावतो. सहाव्या लेव्हलला मायटी समनर मिळालं, तेव्हापासून ११ एचपीचा (एचपी म्हणजे अंगातला जीव) लांडगा १५ चा झालाय आणि त्याचा चावा जादूचा धरला जातो. वर पंथाची आणखी एक शक्ती, अस्वलाचं टोटेम, लावलं की प्रत्येकाला आणखी ११ तात्पुरते एचपी.

आता गेल्या महिन्यातली लढाई. दरोडेखोरांचा नायक, एसी (हल्ला लागायला गाठायचा आकडा) १५, एचपी ६५. लांडग्याचा हल्ला +४, म्हणजे फाशावर ११ किंवा जास्त पडायला हवेत. पण शत्रूच्या शेजारी आपला कोणी उभा असला की लांडग्याला ॲडव्हान्टेज, म्हणून प्रत्येकाचे दोन फासे टाकून मोठा धरायचा. मी नायकाला आठही बाजूंनी घेरलं, पटावर ते फार सुंदर दिसत होतं. वीस बाजूंचे १६ फासे टाकले. सहा चावे लागले, त्यांचे चार बाजूंचे १२ फासे. मग तो आडवा पडतो का ते बघायला डीएमने सहा वेळा सेव्ह (बचावाचा फासा) टाकला. एका फेरीत ३४ फासे, सगळे एकट्या माझ्यापायी. दुसऱ्या फेरीत नायक संपला.

मी मान वर केली तेव्हा रेंजर खेळणारी फोनमध्ये होती, विझर्ड चहा टाकायला उठला होता, आणि फायटर खेळणारी मैत्रीण आपली सोंगटी दोन बोटांत धरून बसली होती. तिने ती फेरीभर खाली ठेवलीच नाही. आम्ही सेशनचं रेकॉर्डिंग करतो, ते घरी जाऊन ऐकलं. दुसऱ्या फेरीत माझी आणि लांडग्यांची पाळी मिळून १४ मिनिटं. बाकी तिघांची मिळून ६.

त्याच्या आदल्या रविवारी उलटंच झालं होतं. रानाईला एका फटक्यात २४ डॅमेज बसलं, कॉन्सन्ट्रेशनचा सेव्ह १२ चा, मला पडले ७. आठही लांडगे गेले. आणि खरं सांगतो, तेव्हा टेबलावर मोकळा श्वास घेतल्यासारखं काहीतरी मला जाणवलं. ते अजून टोचतंय.

लांडगे बोलावणं सोडू, की रानाईच बदलू? दुसरं पात्र घ्यायला डीएम तयार आहे. मी तयार नाही, पण चार जणांची रविवार दुपार माझ्या हौसेपायी जात असेल तर तसं सांगा.

फासेवाली

सोडू नकोस. मी ठाण्यात एका टेबलची डीएम आहे, माझ्याकडे दीड वर्ष शेफर्ड ड्रुइड होता. हे दुखणं मी पडद्याच्या या बाजूने पाहिलंय, आणि त्यावर उपाय आहेत.

सगळ्यात आधी डॅमेजचे फासे बंद कर. लांडग्याच्या चाव्यापुढे पुस्तकातच सरासरी छापलेली असते, ७. राक्षसांसाठी आम्ही डीएम लोक तीच वापरतो, मग तुझ्या लांडग्यांना का नको? चावा लागला की ७, संपलं. १२ फासे गेले.

दुसरं, १६ फासे एकामागून एक टाकू नकोस. रंगांच्या जोड्या कर. दोन लाल, दोन निळे, दोन हिरवे, दोन काळे. आठही एकदम टाक, लाल जोडी म्हणजे पहिला लांडगा, निळी म्हणजे दुसरा. दोन वेळा टाकलंस की आठ लांडगे झाले. एसी १५ असेल तर फक्त "११ किंवा वर किती जोड्या" एवढंच मोजायचं. बेरीज करत बसू नकोस, वेळ खरा बेरजेत जातो. माझ्या ड्रुइडला हे जमायला तीन सेशन लागली, त्यानंतर लांडग्यांची पाळी दोन मिनिटांच्या आत यायला लागली.

तिसरं, कार्डं. प्रत्येक घरात जुन्या लग्नपत्रिकांचा गठ्ठा असतोच, त्यांची मागची बाजू जाड आणि कोरी असते. त्यावर लांडग्याचे आकडे एकदाच लिहून ठेव: एसी १३, एचपी १५, वेग ४०, हल्ला +४, डॅमेज ७, सेव्ह ११ चा. कार्ड डीएमसमोर ठेव. पुस्तक उघडायचं नाही.

डीएम गाइडमध्ये जमावाच्या हल्ल्याचा एक तक्ताही आहे, तोही चालतो. एसीमधून हल्ल्याचा आकडा वजा करायचा, १५ मधून ४ गेले ११. तक्त्यात ६ ते १२ असेल तर दर दोघांमागे एक हल्ला लागतो. आठ लांडगे म्हणजे चार चावे, २८ डॅमेज, एकही फासा न टाकता. यात ॲडव्हान्टेज धरलेला नसतो, म्हणून तुझं नुकसान होतं. फासे टाकलेस तर त्याच नायकावर सरासरी ४२ च्या पुढे जाते. शेवटच्या लढाईत फासे टाक, वाटेवरच्या चिल्लर गोब्लिनांना तक्ता लाव.

आणि लांडग्यांनी काय करायचं हे तुझी पाळी यायच्या आधी ठरलेलं हवं. लांडगे तोंडी हुकूम ऐकतात, त्याला ॲक्शन लागत नाही. हुकूम एका वाक्याचा ठेव. "भाला घेतलेल्याला पकडा." रानाई ज्या आवाजात बोलेल त्या आवाजात तो म्हण. आठ सोंगट्या सरकवताना जो पुटपुटत विचार चालतो ना, त्याने टेबलाचा जीव जातो.

कॉन्सन्ट्रेशनचं म्हणशील तर वॉर कास्टर ही फीट (पात्राचं जादा कौशल्य) घे. कॉन्स्टिट्यूशन (काटकपणा) +२ असेल तर १२ च्या सेव्हला आत्ता तुझे ५५ टक्के आहेत, ॲडव्हान्टेजने ते ८० च्या जवळ जातात. पुढे आठव्या लेव्हलला फीट मिळेल तेव्हा दुसरं काही बघू नकोस. तोवर बाण येतील तिथे उभी राहू नकोस. मेंढपाळ कळपाच्या मागे चालतो, हे मी तुला सांगायला नको.

सांगलीकर

ताईंचे उपाय चांगले आहेत, पण मुळात १६ फासे टाकावेच का लागावेत? टॅशाज कॉल्ड्रन हे पुस्तक २०२० साली आलं ते याच त्रासावर उत्तर म्हणून, असं माझं मत. त्यात समन बीस्ट आहे, दुसऱ्या लेव्हलचा स्पेल. एकच प्राणी येतो. तुझ्याच इनिशिएटिव्हवर (पाळीच्या क्रमावर), तुझ्या पाळीनंतर लगेच खेळतो. हल्ल्याचा आकडा तुझाच. एसी ११ अधिक स्पेलची लेव्हल, जमिनीवरचा घेतलास तर ३० एचपी, आणि दोनच्या वरच्या प्रत्येक लेव्हलला ५ वाढतात. हा प्राणीही सोबती शेजारी असला की ॲडव्हान्टेज घेतो, म्हणजे तुझा लांडगाच समज.

एक गोष्ट ध्यानात ठेव, मी इथे फसलो होतो. हल्ल्यांची संख्या स्पेल लेव्हलच्या निम्मी, आणि अर्धा उरला तर तो सोडून द्यायचा. म्हणजे तिसऱ्या लेव्हलच्या स्लॉटमध्येही (स्पेल टाकायच्या जागेत) हल्ला एकच, आठबाजूंचा फासा अधिक ७. चौथ्याला एकदम दोन, प्रत्येकी फासा अधिक ८. म्हणून हा स्पेल दुसऱ्या किंवा चौथ्या स्लॉटमध्येच टाकावा. आणि २०० सोन्याच्या नाण्यांचं सोनेरी मुलामा दिलेलं ओकचं फळ आधी मिळवावं लागतं. किंमत लिहिलेली असल्यामुळे ड्रुइडिक फोकसवर (साहित्याऐवजी चालणाऱ्या जादूच्या वस्तूवर) ते भागत नाही. तुमच्या डीएमला सांग, ते शोधायची एक छान मोहीम होईल.

२०२४ च्या पुस्तकात तर कॉन्ज्युअर ॲनिमल्स पार बदललाय. आता प्राणी वेगवेगळे येतच नाहीत. एक आत्म्यांचा कळप येतो, तू चाललास की तोही ३० फूट सरकतो, त्याच्या १० फुटांत जो सापडेल त्याला डेक्स्टेरिटी (चपळाईचा) सेव्ह, चुकला तर दहाबाजूंचे तीन फासे. दहा मिनिटं टिकतो. टेबल पळायला लागतं. पुढेमागे तुमचा ग्रुप तिकडे जाणारच असेल तर आत्ताच सवय लाव.

कट्यार

मी बेंगळुरूत पाथफाइंडर या अशाच खेळाची दुसरी आवृत्ती खेळते. तिथे हा प्रश्न मुळातच बांधून टाकलाय. पाळीत तीन ॲक्शन असतात. प्राणी बोलावायलाच तिन्ही जातात, पुढच्या प्रत्येक पाळीत त्याला टिकवायला एक, आणि तो स्वतः फक्त दोन करू शकतो. त्यामुळे एका वेळी एकच सांभाळणं परवडतं. शिवाय तो आपल्यापेक्षा दुबळाच असतो. पाचव्या लेव्हलला मी बोलावलेला प्राणी दुसऱ्या लेव्हलचा. पहिल्यांदा फार वाईट वाटलं होतं. मग कळलं की तो मारायला नाहीच, शत्रूची एखादी ॲक्शन खायला आहे. ड्रॅगनने माझ्या रानडुकरावर पंजा वाया घालवला की आमच्या क्लेरिकचा (पुजाऱ्याचा) जीव वाचतो.

२०२१ मध्ये सीक्रेट्स ऑफ मॅजिक या पुस्तकात समनर हा वेगळा क्लासही आला. त्यात तुझा जोडीदार आयडोलॉन आणि तू, दोघांचे एचपी एकच. त्याला लागलं की तुला लागतं. रानाईसारखं पात्र मनात असेल तर ते वाचून बघ, तुझ्या धनगराच्या गोष्टीला फार जवळचं आहे.

दोन_पानी

सगळे वेळेबद्दल बोलताय. मला पोस्टमधलं वेगळंच वाक्य खटकलं.

"आठही बाजूंनी घेरलं." पटावर मध्यम आकाराच्या शत्रूभोवती घरं किती असतात? आठ. आठही घरांत लांडगे. फायटरने उभं कुठे राहायचं? सोबत्याच्या घरातून चालत जाता येतं, पण तिथे थांबता येत नाही. ती सोंगटी बोटांत धरून बसली होती, कारण ठेवायला जागा नव्हती.

पुढे बघ. लांडग्याच्या चाव्याने शत्रू आडवा पडतो. आडव्या शत्रूवर लांबून बाण मारायचा तर डिसॲडव्हान्टेज. तुझी रेंजर फोनमध्ये का गेली असेल? आणि विझर्डने फायरबॉल टाकला तर २० फुटांच्या त्रिज्येत तुझे आठही लांडगे जळणार, म्हणून बिचारा टाकत नाही, चहा टाकतो.

तू १४ मिनिटं दोन मिनिटांवर आणलीस तरी हे तसंच राहील. मी पाच वर्षं फायटर खेळतोय, म्हणून दिसलं.

माळावरचा

दोन_पानी, तुमचा प्रतिसाद वाचून पट पुन्हा मांडला. रेकॉर्डिंगही परत ऐकलं. पहिल्याच फेरीत फायटर खेळणारी विचारते, "मी इथे येऊ शकते का?" आणि डीएम म्हणतो, "नाही, तिथे लांडगा आहे." मी तेव्हा फासे मोजत होतो. मला ते ऐकूच आलं नव्हतं.

उद्या तिला फोन करतो.

फासेवाली

दोन_पानी बरोबर बोलले, हे मी आधी सांगायला हवं होतं.

मग आणखी एक ऐक. प्रत्येक लांडग्याने चावलंच पाहिजे असं नाही. त्याला हेल्प ॲक्शन घ्यायला सांग. शत्रूच्या शेजारी उभा असलेला लांडगा हूल देतो, आणि तुझ्या फायटरच्या पुढच्या हल्ल्याला ॲडव्हान्टेज मिळतो. रेंजरलाही मिळतो, तिने शेजारी असायची गरज नाही, लांडगा शेजारी असला की पुरे. शत्रू आडवा असेल तर हा ॲडव्हान्टेज आणि तिचा डिसॲडव्हान्टेज एकमेकांना कापतात, म्हणजे निदान सरळ फासा तरी टाकता येतो. आणि या लांडग्यांसाठी तुला एकही फासा टाकावा लागत नाही.

अजून एक, हे डीएमच्या परवानगीने. लांडगे वाटून टाक. प्रत्येकाला दोन. हुकूम रानाईचा, फासे त्यांचे. माझ्या टेबलवर हे केलं त्या दिवसापासून लांडग्यांना नावं पडली.

गोधडी

लढाईचंच चाललंय म्हणून हे लिहितेय. हा स्पेल तासभर टिकतो आणि लढाई चार-पाच फेऱ्यांत, म्हणजे अर्ध्या मिनिटात संपते. उरलेल्या तासाचं काय?

माझ्या ड्रुइडने आठ लांडगे आजवर एकदाही बोलावले नाहीत. १/४ मध्ये जायंट आउल आहे. आकाराने मोठा, म्हणजे माणूस पाठीवर बसू शकतो. शक्ती १३, मोठ्या प्राण्याला ओझं दुप्पट धरतात, म्हणजे ३९० पौंड. चिलखतासकट पॅलाडिन आरामात. उडायचा वेग ६० फूट. आमच्या वाटेत एक तुटलेला पूल होता, खाली नदी, पलीकडे पहारा. डीएमने त्या दरीसाठी पूर्ण सेशन राखून ठेवलं होतं. आम्ही रात्री पाच घुबडांवर बसून गेलो, उरलेली तीन पुढे टेहळणीला. अंधारात पंखांचा आवाज नाही, खाली पाण्याचा फक्त. डीएमने त्या उड्डाणाचं वर्णन केलं तेव्हा टेबलावर कोणी बोलत नव्हतं, आणि ते कंटाळून नव्हे. एकही फासा पडला नाही.

सांगलीकर म्हणतात तो २०२४ चा कळप मला म्हणूनच नको वाटतो. त्याच्या पाठीवर बसता येत नाही. त्याला वास घ्यायला पाठवता येत नाही. जलद आहे, कबूल. पण रानाईला लांडग्याशी बोलायचंय असं माळावरच्याने लिहिलंय, ते ती डॅमेजच्या ढगाशी कसं बोलेल?

सांगलीकर

गोधडी, हा मुद्दा मान्य. मी टेबलाचा वेग बघत होतो. माझ्या समन बीस्टला मात्र वास घ्यायला पाठवता येतं, तेवढं लिहून ठेवतो.

माळावरचा

दोन रविवार गेले, आता सांगण्यासारखं आहे.

तिला फोन केला. पहिल्यांदा "चालतंय रे" झालंच. मग मी रेकॉर्डिंगमधलं वाक्य सांगितलं. थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "वाट बघण्याचं काही नाही. मी ऑफिसातून आठवडाभर या दुपारची वाट बघते, त्यात अजून १० मिनिटं. पण मी तलवार घेऊन आले आणि मला पोचताच आलं नाही, असं तीन लढायांत झालं." तीन. मला एकच माहीत होती.

रंगीत फासे लगेच मिळाले नाहीत, म्हणून आईकडून चिंचोके घेतले. आठ मोठे निवडले, त्यांवर बहिणीच्या पांढऱ्या नेलपेंटने १ ते ८ आकडे घातले. पटाच्या घरात चिंचोका अगदी बसतो, आणि काळपट तपकिरी तुकतुकीत पाठ लांडग्याची वाटते. लग्नपत्रिकेच्या कार्डावर आकडे लिहिले. डीएमने वाटून घ्यायला परवानगी दिली. तिघांना दोन-दोन, दोन माझ्याकडे.

रविवारी ट्रोल निघाला. एसी १५, एचपी ८४, आणि दर पाळीला १० एचपी परत भरतात, आग किंवा ॲसिड लागलं तरच थांबतात. मोठ्या आकाराचा, म्हणजे त्याच्याभोवती बारा घरं. मी हुकूम देण्याआधी पहिल्यांदाच विचारलं, "तुला कुठे उभं राहायचंय?" तिने पुलाच्या तोंडाशी बोट ठेवलं. तिथली दोन घरं मोकळी ठेवून मग चिंचोके मांडले. चार लांडगे चावायला, दोन हेल्पला, एक फायटरसाठी आणि एक रेंजरसाठी. उरलेले दोन विझर्डच्या पायाशी.

पहिल्या फेरीत माझी आणि लांडग्यांची पाळी मिळून तीन मिनिटं झाली. मी फोनवर लावून बघितलं. दुसऱ्या फेरीत विझर्ड म्हणाला, "सगळे मागे घे, मला टाकू दे." आधी मी हुज्जत घातली असती, कारण ट्रोलजवळून हटायचं म्हणजे त्याला एक फटका फुकट द्यायचा. मी मागे घेतले. ट्रोलने जाता जाता क्रमांक ४ ला पकडलं. तो लांडगा फायटरचा होता. ११ तात्पुरते आणि १५ खरे, पण आदल्या फेरीत तो पंजाखाली आलाच होता. शून्यावर गेला आणि नाहीसा झाला. मग फायरबॉल पडला, सरासरीपेक्षा बराच वर, ३४. ट्रोलची जखम भरायची थांबली, आणि फायटर एकटी आत शिरली. मोकळ्या ठेवलेल्या घरात सोंगटी ठेवताना तिने ती ठक्कन आवाज करून ठेवली.

ट्रोल तिनेच पाडला. शेवटून दुसरा घाव रेंजरच्या बाणाचा.

खेळ संपल्यावर मी चिंचोके डबीत भरले तर सातच. चार नंबर तिने आपल्या फाशांच्या पिशवीत टाकला होता. म्हणाली, "हा माझ्याकडे राहू दे. पुढच्या वेळी बोलावशील तेव्हा मी काढेन."

रानाई बदलत नाहीये. समन बीस्टचं सोनेरी फळ मात्र डीएमने कथेत आणलंय, ते शोधायला जातोय. आणि गोधडी, घुबडांची गोष्ट रेंजरला वाचून दाखवली. तिने तेव्हापासून विषय सोडलेला नाही.

आता सातवी लेव्हल येतेय. कॉन्ज्युअर वुडलँड बीइंग्ज, म्हणजे रानातल्या परीलोकातले जीव बोलावायचा स्पेल, मिळेल. त्यात काही सांभाळायचं असेल तर आधीच सांगा.

फासेवाली

आहे. त्यातही १/४ चे आठ येतात, आणि पिक्सी (चिमुकली परी) १/४ मध्ये बसते. प्रत्येक पिक्सीला दिवसातून एकदा पॉलिमॉर्फ (कोणालाही प्राणी बनवणारा स्पेल) टाकता येतं. आठ पिक्सी म्हणजे तुमची अख्खी पार्टी जायंट एप (महाकाय वानर) व्हायची पाळी. डीएमला हे टेबलावर पहिल्यांदा कळू देऊ नकोस. प्राणी पुस्तकाप्रमाणे डीएमने निवडायचे की तू, हे त्याच्याशी आधी बसून ठरव.

माळावरचा

या रविवारी तासभर लवकर जातो आणि त्याच्याशी बोलतो. चिंचोके अजून आठ लागतील का, पिक्सींसाठी?

फासेवाली

गुंजा घे. लहान आहेत, लाल आहेत. फक्त घरात लहान मूल असेल तर नको, विषारी असतात.